रिकिबीखालचं नाव

कोल्टन वेल्स, युटा
९ एप्रिल २०१८

प्रिय ॲफ्टन,

तुझं पत्र पोचलं. चौदा बायका! सिएटलमध्ये चालायला रस्ते उरले नाहीत का, की हजार मैलांवरून येऊन आमच्याच वाळूत पाय घासायचेत? आणि तुमच्या मंडळाचं नाव ‘मुक्त पावलं’ कोणी ठेवलं? विचारते आपली. मागच्या उन्हाळ्यात अशाच तीन मुक्त पावलांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावं लागलं. तिघींत मिळून पाण्याची एक बाटली होती, आणि तीही लिंबाच्या स्वादाची.

प्रत्येकीच्या हातात दोन-दोन काठ्या असणार, हे मी न बघता सांगते. आमच्या गाई त्याच वाटेने चढतात, त्यांना एकही लागत नाही.

तुला वाटेल म्हातारी चिडचिडी झाली. तसं नाही, मी आधीपासूनच आहे. पण इथे येतात ते लोक कसले असतात हे तू विसरलीस. परवा पेट्रोल पंपावर एकाने वाऱ्यापावसाने खडकात कोरलेल्या आपल्या रिकिबीचा फोटो दाखवून विचारलं, ही कमान बांधली कोणी? मी म्हटलं, माझ्या आजोबांनी. सिमेंट कमी पडलं म्हणून एक बाजू बारीक राहिली. त्याने ते लिहून घेतलं.

शाळेची बस चालवणं सोडल्यापासून दर गुरुवारी मी खडक घासायला जाते. बादली, ब्रश, पाणी. गावाजवळच्या घळीत लोक आपली नावं कोरून जातात, ती घासून काढायची. सरकारी नियम मोठा मजेदार आहे. नाव पन्नास वर्षांहून जुनं असेल तर तो इतिहास, त्याला बोट लावायचं नाही. त्याहून नवं असेल तर ती घाण. म्हणजे माझ्या बापाच्या वयाचा मूर्ख वंदनीय आणि माझ्या पोराच्या वयाचा गुन्हेगार. कोणतं जुनं, कोणतं नवं हे रेंजर लोक मलाच विचारतात. रंगावरून कळतं. नवी अक्षरं सोललेल्या गुडघ्यासारखी दिसतात.

मी तुमच्याबरोबर रिकिबीला येणार नाही. एक तर गुडघा. दुसरं म्हणजे मी ती पाहिलेली आहे. तुम्ही जा, फोटो काढा आणि परत या. त्या बायकांना आतल्या भिंतीकडे नेऊ नकोस. तिथे मे महिन्यात चावऱ्या माशा असतात.

आणि फाटक लावून घ्या. कोणीच लावत नाही.

तुझी,
नेड्रा

*

सिएटल
१८ एप्रिल २०१८

प्रिय नेड,

तुझं पत्र मी मंडळात मोठ्याने वाचून दाखवलं. ग्लोरिया म्हणाली, “ही बाई आम्हाला जेवायला बोलावेल का?” मी म्हटलं, बोलावेल, पण प्रत्येक घासाला काहीतरी ऐकवेल. सगळ्या खूश झाल्या. त्यांना घरी कोणी काही ऐकवत नाही.

माशांची भीती मला घालू नकोस. मी आतल्या भिंतीसाठीच येतेय.

आपला भाऊ लॅमार जाऊन पाच महिने झाले. मयताला मी दोन दिवस आले, चर्चच्या बायकांनी केलेले चीज घातलेले बटाटे खाल्ले आणि परत गेले. रडायलाही वेळ मिळाला नाही. विमानात खिडकीतून खाली बघताना एकच गोष्ट डोळ्यांपुढे आली, ती भिंत. लॅमार, १९६१. नेड्रा, १९६६. ॲफ्टन, १९६८. आपल्या चर्चमध्ये सगळ्यांचाच बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, पण त्यानंतर पोराला घोड्यावर बसवून कमान दाखवायला नेणारा आणि तिच्याखाली त्याचं नाव कोरणारा बाप एकट्या आपल्यालाच होता. आता त्या तिघांतल्या दोघी उरलोय. मला तिन्ही नावांवर एकदा हात ठेवायचाय, बस्स.

मला माझाच दिवस नीट आठवतो. मी पप्पांच्या पुढे खोगिरावर होते. तू फाटक उघडलंस. दहा वर्षांची होतीस, पायात लॅमारचे मोठे बूट. मी विचारलं, “नेड, कशी आहे गं ती?” तू म्हणालीस, “पाहिलीय मी. काही विशेष नाही.” मला इतका राग आला! नंतर कमान बघून माझा श्वास अडकला, आणि तरी मनात पहिलं आलं ते हेच, की नेडला हे विशेष वाटलं नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.

पन्नास वर्षं झाली. तू अजून तेच लिहितेस.

१२ मेला पोचू. पीचची बरणी उघडून ठेव.

ॲफ्टन

*

कोल्टन वेल्स
२५ एप्रिल २०१८

प्रिय ॲफ्टन,

रस्ता वाहून गेलाय. मार्चमध्ये ओढ्याला लोंढा आला होता. तुमच्या भाड्याच्या गाड्या तिथे पोटावर टेकतील, मग आमच्या माणसांनी ट्रॅक्टर काढायचे.

शिवाय त्या नावांचं काही खरं नाही. वाळूचा दगड मऊ असतो, वारा खातो त्याला. एखादं उरलं असेल, एखादं नसेल. हात ठेवायला जाशील आणि हातात वाळू येईल. एवढ्यासाठी चौदा जणींना उन्हात नेणं हा निव्वळ शहरी थिल्लरपणा आहे.

त्यापेक्षा सगळ्या जणी माझ्याकडे जेवा. खिमा-बटाटा करीन, गाजर घातलेली हिरवी जेली करीन, पीच आहेतच. अंगणातून लाल डोंगर दिसतो, तेवढा पुरे. कॉफी मिळणार नाही, आपल्या चर्चला ती चालत नाही. तुझं चर्च सुटलं असेल, माझं स्वयंपाकघर सुटलेलं नाही.

नेड्रा

*

सिएटल
१७ मे २०१८

प्रिय नेड,

जेवण अप्रतिम होतं. ग्लोरिया अजून त्या जेलीबद्दल बोलते. तू तिला म्हणालीस ना, “घे अजून, तुझ्या काठ्यांना ताकद येईल”? तेव्हापासून ती माझ्यापेक्षा तुझी जास्त मैत्रीण आहे.

रस्ता ठणठणीत कोरडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तू झाडू घेऊन दारात उभी होतीस. मी म्हटलं, “चल ना.” तू म्हणालीस, “अंगण कोण झाडणार?” वाळवंटात अंगण झाडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

कमान होती तिथेच आहे. लहानपणी वाटली होती तेवढीच मोठी वाटली, आणि असं कशाच्याच बाबतीत होत नाही. आपलं घर किती लहान निघालं! सगळ्या जणी खाली बसल्या आणि चक्क गप्प बसल्या. तुझा विश्वास बसणार नाही. पाऊण तास.

मी आत गेले. माशा नव्हत्या. नावं आहेत, नेड. वाऱ्याने काही खाल्लेलं नाही. लॅमार १९६१. खाली नेड्रा १९६६. त्याखाली मी. तुझ्या नावावर मी जास्त वेळ हात ठेवला. फोटो काढले, पण आत सावली असल्याने धड आले नाहीत.

म्हटलं, तुला कळवावं. तू आहेस तिथे.

ॲफ्टन

*

कोल्टन वेल्स
२३ मे २०१८

ॲफ्टन,

मी हे पत्र तीनदा सुरू केलं. आता लिहितेय तसंच पाठवणार आहे, वाचून बघणार नाही.

मी रिकिबीला कधी गेलेच नाही.

१९६६च्या एप्रिलमध्ये माझा बाप्तिस्मा झाला आणि दुसऱ्या दिवशी घोडी लंगडली. पप्पा म्हणाले, पुढच्या वसंतात. पुढच्या वसंतात गाईंना खुरांचा रोग आला. त्याच्या पुढच्या वसंतात तू आठ वर्षांची झालीस. घोडीवर दोघंच बसत. जेवताना पप्पा म्हणाले, “आता फक्त ॲफ्टन राहिली.” मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. ती उठली आणि तिने पीचची बरणी उघडली, रविवार नसताना. तेवढंच. पप्पांना खरंच वाटत होतं की मला नेलंय. तीन पोरं, दोनशे गुरं, होतं असं माणसाचं. आपल्याला विसरलेत हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. त्यांची नव्हे, माझी. विसरण्यासारखी मुलगी होते याची.

म्हणून फाटकाशी तुला तसं म्हणाले. आणि एकदा म्हटल्यावर ते म्हणतच राहावं लागलं. पप्पा पाहुण्यांना सांगायचे, “माझ्या तिघांनीही पाहिलीय,” आणि मी मान हलवायची. कमान कशी आहे, नावं कुठे आहेत हे मला लॅमारने कधीतरी सांगितलं होतं, त्यावर मी पन्नास वर्षं काढली. आख्खा देश येऊन बघून जातो. मी पंपावर उभी राहून सगळ्यांना हसते. तीस वर्षं बस चालवली, दर वर्षी चौथीच्या सहलीला तिच्या वाटेपर्यंत पोरांना सोडलं आणि बसमध्ये बसून राहिले. कोणत्या तोंडाने जाणार? आत भिंतीवर दोनच नावं, आणि बघणाऱ्याला वाटणार की त्या घरात दोनच पोरं.

आणि आता तू म्हणतेस, माझं नाव आहे.

मग त्यांना नंतर आठवलं असणार. ते एकटे परत गेले असणार आणि कोरून आले असणार, आणि सांगायचं त्यांनाही सुधरलं नसणार. शक्य आहे ना? ते तसे होते. चूक झाली की गुपचूप कुंपण दुरुस्त करायचे, बोलायचे नाहीत.

एकच सांग. नावाखाली शिक्का आहे का? आपल्या गुरांवर डागायचा तो, अर्धचंद्र आणि खाली रेघ. पप्पा शिक्क्याशिवाय काही सोडत नसत. गाय नाही, खोगीर नाही. लॅमार सांगायचा, नावांखालीही आहे.

लगेच लिही.

नेड

*

सिएटल
९ जून २०१८

प्रिय नेड,

उत्तराला उशीर केला. 

शिक्का नाही.

तुझं नावच नव्हतं. दोनच होती. मी सगळी भिंत चाचपली. वाटलं, तू म्हणालीस तसं वाऱ्याने खाल्लं. तुझंच फक्त खाल्लं याचा मला इतका राग आला, की ग्लोरियाच्या तंबूची खुंटी घेतली आणि मधल्या जागेत कोरलं. लॅमारच्या आणि माझ्या नावांत बरोबर एका नावापुरती जागा आहे, नेड. तू विचार कर, ती कोणी सोडली असेल. मी करतेय.

अक्षरं गुलाबी दिसायला लागली. तू लिहिलेला सोललेला गुडघा आठवला. म्हणून वर ओली माती चोळली, आणि मातीने भागेना तेव्हा थर्मासमधली कॉफी. घट्ट होती. रंग छान बसला.

बाकी दोन नावांखाली शिक्का होता, मला ती नुसती नक्षी वाटली. चाळीस वर्षं बाहेर राहिले की गुरांचा शिक्का विसरतो माणूस. मला वाटलं होतं, मी फक्त झिजलेलं परत लिहितेय. तुला खोटं सांगतेय असं वाटलंच नाही. तुझं पत्र आल्यावर वाटलं. त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

आता एक ऐक, आणि आधी चिडू नकोस. नाव आहे तर राहू दे. त्यावर १९६६ लिहिलंय, म्हणजे बावन्न वर्षं झाली, म्हणजे तो तुमचा इतिहास. जुनं की नवं हे तिथले लोक तुलाच विचारतात ना? कोणी विचारलं तर जुनं म्हण. एक शब्द. पन्नास वर्षं तू खोटं बोलून बाकीच्यांची इज्जत राखलीस, एकदा स्वतःसाठी बोल.

तुझी,
ॲफ्टन

*

कोल्टन वेल्स
३० जून २०१८

ॲफ्टन,

तू महामूर्ख आहेस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे लिहिता येईल.

तुझं पत्र मंगळवारी आलं. बुधवारी डेल्फीन बेगेचा फोन. ही आमची रेंजर, नदीपलीकडच्या नवाहो आदिवासी वस्तीतली, माझ्या बसमध्ये नेहमी पुढच्या बाकावर बसायची. म्हणाली, “मिसेस जेसप, रिकिबीखाली तुमचं नाव आहे हे मला माहीत नव्हतं. कोणीतरी फोटो पाठवलाय. साहेब विचारतायत, जुनं आहे ना? तुम्ही हो म्हणालात की मी नोंद करते, मग त्याला कोणी हात लावणार नाही.”

ॲफ्टन, हो म्हणायला मला जेमतेम एक श्वास लागला असता. मी तो घेतलाही. स्वयंपाकघरात उभी होते, खिडकीतून तो लाल डोंगर दिसत होता, आणि मला वाटलं, मी मेल्यावरही ते तिथे राहील. चौथीची पोरं वाचतील. पप्पांची तीन पोरं.

मी म्हटलं, “बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. उद्या गुरुवार आहे. बादली घेऊन येते.”

पहाटे निघालो. फाटक उघडंच होतं, अर्थातच. डेल्फीनने दोन्ही बादल्या घेतल्या, मी गुडघ्याला पट्टा बांधला आणि हो, काठी घेतली. एकच. ग्लोरियाला सांगू नकोस. वाटेत एक माणूस रबरी चपला घालून उतरत होता, म्हणाला, “अजून थोडंच राहिलंय, मॅडम, चीज होईल तुमच्या चालण्याचं.” मी म्हटलं, “तू आधी तुझ्या टाचेचं रक्त पूस.” तेवढंच बरं वाटलं.

शेवटच्या वळणावर मी थांबले. डेल्फीनला वाटलं गुडघा. मी तसं वाटू दिलं.

कमानीबद्दल मी तुला काही लिहिणार नाही. तू पाहिलीयस.

डेल्फीन तिच्याखालून गेली नाही. मोठा वळसा घालून पलीकडे आली. “आमच्याकडे खालून जात नाहीत,” म्हणाली, “पण तुम्ही जा.” मी गेले. आत भिंतीपाशी गार होतं. लॅमारचं नाव, त्याखाली शिक्का. तुझं नाव, त्याखाली शिक्का. मध्ये मी, आणि कॉफीचा वास. दीड महिन्यानंतरही! माझ्या घरात साठ वर्षांत आली नाही ती गोष्ट तू माझ्या नावात भरलीस. आणि अक्षरं कसली काढलीस गं, कोंबडीने उकरल्यासारखी! पप्पांची अक्षरं बघ जरा. तुझ्यापुढे होती, बघून काढायची तरी.

डेल्फीन मागे उभी होती. “काय म्हणता?”

“नवं आहे,” मी म्हटलं.

तिने वही उघडली. “पण नाव तुमचं आहे.”

“नाव माझं आहे. मी इथे आजच येतेय.”

हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. डेल्फीनने माझ्याकडे बघितलं. चौथीच्या सहलीत ती होती, मी बसमध्ये बसून राहिले होते हे तिला आठवत असणार. तिने तो विषय काढला नाही. फक्त विचारलं, “कोणी कोरलं असेल?”

मी म्हटलं, “असेल कोणीतरी मूर्ख. बाहेरची.”

“बाहेरची,” ती म्हणाली आणि वहीत तेवढंच लिहिलं. मग तोंड फिरवून हसली. तुमच्या चौदा बायकांच्या जत्रेबद्दल गावात कोणाला माहीत नाही असं तुला वाटतं का?

मी बाकी लोकांची नावं घासते तसंच घासलं. पाणी, ब्रश, पाणी. कॉफी लगेच गेली. अक्षरं जाईनात. तुझा राग खोल होता असं दिसतं. चार तास लागले. डेल्फीन म्हणाली, “मी करते थोडं.” मी तिला करू दिलं नाही. साठ वर्षांची बाई बापाच्या भिंतीवरून स्वतःचं नाव घासून काढतेय, हे हसण्यासारखंच आहे, मला कळतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी पंपावर आठवडाभर सांगत बसले असते.

मधली जागा मी नंतर हाताने मोजली. माझी वीत आणि चार बोटं. लॅमार आणि तुझ्यामध्ये एवढी जागा कशाला सोडतो माणूस? कदाचित माझं आधीच कोरलंय अशा समजुतीत त्यांनी तुझं खाली घेतलं आणि वर बघितलंच नाही. कदाचित बघितलं. कदाचित वर रिकामं दिसलं तेव्हाच आठवलं, आणि तू समोर उड्या मारत होतीस. मला आता त्यातलं काही ठरवायचं नाही. तू पण ठरवू नकोस आणि मला समजावू नकोस.

तिथे आता फिकट डाग राहिलाय. डेल्फीन म्हणते, काही वर्षांत बुजेल. ती जायला निघाली तशी मी तिला म्हटलं, तू हो पुढे. मग मी खाली, जिथे तुझ्या बायका गप्प बसल्या होत्या म्हणतेस, तिथे बसले. पाऊण तास नाही. दोन तास. खाली गाडीशी डेल्फीनने पाण्याची बाटली हातात दिली आणि विचारलं, “मग, मिसेस जेसप, कशी वाटली?”

माझ्या तोंडात नेहमीचंच वाक्य आलं होतं. पण मला ते म्हणता येईना. म्हटलं, “एकदा बघून काय कळतं.”

तेव्हा ऑक्टोबरमध्ये ये. ऊन उतरतं तोवर. एकटी ये, त्या मुक्त पावलांना घरी ठेव. ग्लोरिया आली तर चालेल. धड बूट आण, कॉफी आणलीस तर ती बाहेर अंगणात प्यायची, आणि तंबूची खुंटी मी तपासून घेणार आहे.

शेजारच्या विल्फर्डकडे एक म्हातारी घोडी आहे, तो देईन म्हणालाय. खोगिरावर मी बसणार.

फाटक तू उघडायचंस.

नेड